गिटारच्या कॅबिनेटसाठी नवा स्पीकर निवडताना

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस गिटारवर विचारपूर्वक खर्च करतो, अ‍ॅम्प्लिफायर घेताना महिनोन्‌महिने चौकशी करतो, पेडलची हौसही भागवतो. पण हा सगळा खटाटोप शेवटी ज्या बारा इंची कागदी कोनातून, म्हणजे स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्यातून, बाहेर पडतो, त्याच्याकडे तो फाटेपर्यंत किंवा जळेपर्यंत त्याचे लक्ष जात नाही. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रांमध्ये आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजवताना माझी स्वतःची आणि मित्रांची मिळून बरीच कॅबिनेटे, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, मी उघडली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की समजली, ती अशी की स्पीकर बदलायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न ‘किती वॅटचा घेऊ?’ असा विचारतो आणि वॅट म्हणजे आवाजाचा मोठेपणा असे गृहीत धरतो. वॅट हा स्पीकरच्या सहनशक्तीचा आकडा आहे. आवाज किती मोठा येणार हे वेगळ्या आकड्यावर ठरते, आणि या दोन्ही आकड्यांच्या आधी ओमचा, म्हणजे विद्युत्-विरोधाच्या मापाचा, हिशेब जुळावा लागतो. म्हणून पुढचे विवेचन मी त्याच क्रमाने करणार आहे.

दोष खरोखर स्पीकरचाच आहे का

नवा स्पीकर मागवण्याआधी जुना खरोखर गेला आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. खर्जाची मोकळी तार मोठ्या आवाजात छेडल्यावर जी करकर ऐकू येते, ती पुष्कळदा कॅबिनेटच्या मागच्या फळीचा सैल झालेला स्क्रू, उचलण्याची मूठ किंवा पुढच्या कापडाची निसटलेली पट्टी यांची असते. एकेका जागी हाताने दाबून धरून पाहावे. हात ठेवल्यावर करकर थांबली, तर खर्च स्क्रूपुरताच आहे. शक्य असल्यास तोच अ‍ॅम्प तेवढ्याच ओमच्या दुसऱ्या कॅबिनेटला जोडून पाहावा, म्हणजे दोष अ‍ॅम्पचा की कॅबिनेटचा हे लगेच कळते.

त्यानंतर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवाव्यात आणि मल्टिमीटर ओमवर ठेवून दोन्ही टर्मिनलांना लावावा. चांगला ८ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो आणि १६ ओमचा १२ ते १३ च्या आसपास. आकडा छापील ओमपेक्षा कमी दिसला म्हणून घाबरू नये, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. छापील आकडा हा आवाजाच्या बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा, म्हणजे इम्पिडन्सचा असतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारे तारेचे वेटोळे, तुटलेली असू शकते. मात्र तिथेही घाई करू नये. टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणाऱ्या विणलेल्या नाजूक तारा सततच्या हालचालीने मुळाशी तुटतात, आणि अशा ठिकाणी सोल्डरचा एक डाग दिला की स्पीकर पुन्हा सुरू होतो.

तिसरी परीक्षा हाताची आहे आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. स्पीकर टेबलावर उताणा ठेवून दोन्ही हातांची बोटे मधल्या टोपीच्या भोवती सारख्या अंतरावर टेकवावीत आणि कोन अगदी हलक्या हाताने, सरळ खाली दाबून सोडावा. तो मऊपणे आत जाऊन निःशब्द परत वर आला पाहिजे. कान जवळ नेल्यावर वाळूवर कागद घासल्यासारखी खरखर ऐकू आली, तर कॉइल लोहचुंबकाच्या फटीत घासते आहे असे समजावे. एका बाजूने दाबले तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दाब चारी बाजूंनी सारखाच हवा.

कोनाला लहानशी चीर गेली असेल, तर पातळ टिश्यू पेपर आणि पांढरा फेव्हिकॉल यांनी ती मागून-पुढून बुजवता येते. झटकन कडक होणारे गोंद वापरू नयेत. कोन तिथे लवत नाही आणि शेजारीच नवी चीर पडते. कॉइल जळाली असेल, तर स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर नवी कॉइल आणि नवा कोन बसवून देतात. पण एक लक्षात ठेवावे की गिटारच्या स्पीकरचा स्वभाव त्या विशिष्ट कोनातच असतो. मूळ कंपनीचा कोनाचा संच मिळत नसेल आणि लाउडस्पीकरचा साधा कोन त्यात बसवला, तर स्पीकर वाजतो खरा, पण तो आपला जुना स्पीकर राहत नाही.

कोल्हापूरकरांसाठी यात आणखी एक बाब आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांची कॅबिनेटे पाण्यात राहिली, त्यांच्यापैकी काहींनी ती वाळवून पुन्हा वापरात आणली. वरून वाळलेला कोन ठीक दिसतो, पण कॉइलभोवतीच्या केसाएवढ्या फटीत गंज धरलेला असतो. असाच एक स्पीकर मी एका जुन्या कारागिराकडे नेला, तेव्हा त्यांनी तो एकदाच दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘‘कोन काय, आज घालून देतो की, पण आत गंज धरलाय, उद्या परत घासणार बघ.’’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. अशा स्पीकरवर पैसे घालू नयेत. त्या कॅबिनेटची फळी एमडीएफची असेल, तर तीही फुगून भुसभुशीत झाली आहे का ते नखाने टोचून पाहावे, कारण भुसभुशीत फळीत स्पीकरचे बोल्ट धरत नाहीत.

ओमचा हिशेब

ओम म्हणजे स्पीकर अ‍ॅम्पवर टाकत असलेला भार. कॅबिनेटमध्ये एकच स्पीकर असेल, तर हिशेब सरळ आहे : जुना जितक्या ओमचा, नवाही तितक्याच ओमचा घ्यावा. जुन्यावरचे लेबल पुसले असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे मीटरवरून अंदाज येतो.

स्पीकर दोन असतील, तर ते कसे जोडले आहेत हे आधी पाहावे लागते. दोघांचे पॉझिटिव्ह एकत्र आणि निगेटिव्ह एकत्र असतील, तर ती समांतर जोडणी, आणि तिथे ओम निम्मे होतात; ८ ओमचे दोन स्पीकर ४ ओम होतात, १६ चे दोन ८ होतात. एकाचा निगेटिव्ह दुसऱ्याच्या पॉझिटिव्हला जोडून साखळी केली असेल, तर ओमची बेरीज होते आणि ८ चे दोन १६ होतात. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये सहसा दोन-दोनच्या साखळ्या करून त्या साखळ्या समांतर जोडलेल्या असतात, आणि त्या जोडणीची गंमत अशी की एकूण ओम एका स्पीकरएवढेच राहतात : १६ ओमचे चार स्पीकर मिळून पुन्हा १६.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या, अ‍ॅम्पमध्ये हा हिशेब चुकवणे महागात पडते. त्यात व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागच्या पॅनलवरची ४, ८, १६ ही निवड त्या ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टोकांची असते. कॅबिनेटचे ओम आणि ही निवड जुळलीच पाहिजे. त्याहून मोठा धोका म्हणजे स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प वाजवणे. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचे मोठे उसळे येतात, त्याचे आतले आवरण फुटते, आणि नवा ट्रान्सफॉर्मर मिळवणे हे स्पीकर मिळवण्यापेक्षा फार अवघड काम आहे. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचा नियम वेगळा आहे. त्यावर किमान किती ओम ते छापलेले असते. त्याहून जास्त ओमचे कॅबिनेट जोडले तर आवाज थोडा कमी येतो, पण इजा होत नाही, आणि कमी ओमचे जोडले तर अ‍ॅम्प तापून जातो.

एका मित्राच्या कॅबिनेटचे उदाहरण देतो, कारण ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्याच्या कॅबिनेटमध्ये १६ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडलेले होते, म्हणजे एकूण ८ ओम. त्यातला एक जळाला. दुकानदाराकडे १६ चा नव्हता. ‘८ चाही चालतो’ असे सांगून त्यांनी २५ वॅटचा ८ ओमचा स्पीकर दिला, आणि मित्राने तो घरी येऊन बसवला. १६ आणि ८ समांतर म्हणजे सुमारे ५.३ ओम. अ‍ॅम्पची निवड ८ वरच होती, हा पहिला बिघाड. दुसरा बिघाड याहून गंभीर होता. समांतर जोडणीत कमी ओमचा स्पीकर जास्त शक्ती ओढतो, त्यामुळे ५० वॅटच्या त्या अ‍ॅम्पमधले सुमारे ३३ वॅट एकट्या नव्या स्पीकरकडे आणि जेमतेम १७ वॅट जुन्याकडे जात होते. नवा स्पीकर मुळात २५ वॅटचा. तो एका गॅदरिंगमध्ये, शेवटच्या गाण्याच्या आधीच बंद पडला. एका कॅबिनेटमध्ये सगळे स्पीकर सारख्याच ओमचे असावेत, हा नियम त्यासाठीच आहे. हवा त्या ओमचा स्पीकर आज मिळत नसेल, तर महिनाभर थांबावे.

वॅट आणि डेसिबल

स्पीकरवरचा वॅटचा आकडा हा तो न जळता किती शक्ती सोसेल ते सांगतो. अ‍ॅम्पवर लिहिलेले वॅट सहसा स्वच्छ आवाजाच्या मर्यादेतले असतात. ५० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पूर्ण ताणून, आवाज फोडून (डिस्टॉर्शन आणून) वाजवला तर तो त्याहून बरीच जास्त शक्ती बाहेर टाकतो. म्हणून कॅबिनेटची एकूण क्षमता अ‍ॅम्पच्या निदान दीडपट, आणि आवाज फोडून वाजवायचा असेल तर दुप्पट ठेवावी, असे मी मानतो. सारख्या ओमचे स्पीकर शक्ती समान वाटून घेतात, त्यामुळे एकूण क्षमता मोजताना सर्वांत दुबळ्या स्पीकरचे वॅट गुणिले स्पीकरची संख्या असा हिशेब करावा. एक ६० वॅटचा आणि एक २५ वॅटचा असे दोन बसवले, तर कॅबिनेट ८५ वॅटचे होत नाही, ५० चेच राहते.

दुसऱ्या टोकाला, १५ वॅटच्या छोट्या अ‍ॅम्पला २०० वॅटचा स्पीकर लावण्यातही अर्थ नाही. त्याने काही जळत नाही. पण जड कॉइल आणि ताठ कोन हलवायला तेवढा जोर लागतो, आणि ताणल्यावर कोन जो थोडासा दबतो, गोलावतो, ते सुख अशा स्पीकरमधून मिळत नाही.

आता आवाजाच्या मोठेपणाकडे वळू. तो ज्या आकड्यावर ठरतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते त्यातून कळते. गिटारच्या बहुतेक स्पीकरांत हा आकडा ९५ ते १०२ च्या दरम्यान असतो आणि वरवर पाहता फरक क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही. ३ डेसिबल जास्त म्हणजे अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट केल्यासारखे आहे. ९७ डेसिबलच्या स्पीकरवर ३० वॅटचा अ‍ॅम्प जेवढा वाजेल, तेवढाच १०० डेसिबलच्या स्पीकरवर १५ वॅटचा वाजतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल, तर साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट शक्ती. यावरून हेही उघड होते की आवाज पुरत नाही म्हणून ५० वॅटचा अ‍ॅम्प विकून १०० वॅटचा घेणाऱ्याच्या पदरात फक्त ३ डेसिबल पडतात, आणि तेवढेच ३ डेसिबल नुसता स्पीकर बदलून, पुष्कळ कमी खर्चात मिळू शकतात.

हाच आकडा उलट बाजूनेही उपयोगी आहे. पेठेतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात जो सराव करतो, त्याचा अ‍ॅम्प व्हॉल्यूमच्या एक-दोनच्या पुढे कधी जात नाही. त्याने मुद्दाम ९६-९७ डेसिबलचा स्पीकर घ्यावा. अ‍ॅम्प थोडा वर नेता येतो, त्याचा आवाज उमलतो आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात ड्रमसेटशेजारी छोटा अ‍ॅम्प घेऊन उभे राहणाऱ्याने मात्र १०० च्या आसपासचाच पाहावा.

दोन वेगवेगळे स्पीकर एका कॅबिनेटमध्ये बसवणार असाल, तर त्यांच्या सेन्सिटिव्हिटीत दोन डेसिबलपेक्षा जास्त अंतर नसावे. नाहीतर मोठ्याने बोलणाराच ऐकू येतो आणि दुसऱ्यावर केलेला खर्च वाया जातो.

आवाजाचा स्वभाव

इथून पुढे आकडे कमी आणि कान जास्त. गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकण्याच्या स्पीकरपेक्षा मुळातच वेगळा असतो. तो साधारण ७५ हर्ट्‌झपासून ५००० हर्ट्‌झपर्यंतच नीट वाजतो आणि त्यापुढे झपाट्याने खाली येतो. ही उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. फोडलेल्या आवाजात वरच्या पट्टीत जी कर्कश वाळू असते, ती हा स्पीकर गाळून टाकतो. त्यामुळे मंडपवाल्यांकडचा पीएचा (जाहीर कार्यक्रमांत लावतात तो) स्पीकर स्वस्तात मिळाला म्हणून गिटारच्या कॅबिनेटमध्ये बसवू नये. मी तो प्रयोग केला आहे. स्वच्छ आवाज फिका येतो आणि फोडलेला आवाज दातांत खडा आल्यासारखा लागतो. याउलट, जे अ‍ॅम्पऐवजी डिजिटल मॉडेलर (अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारे यंत्र) वापरतात आणि त्यातच कॅबिनेटचा आभास चालू ठेवतात, त्यांना पीएसारखा पूर्ण पट्टीचाच स्पीकर हवा.

निवड करण्याआधी सध्याच्या आवाजात आपल्याला काय खुपते, ते एका वाक्यात कागदावर लिहावे. ‘चांगला आवाज हवा’ हे वाक्य उपयोगाचे नाही. ‘सोलो वाजवताना मी बँडमध्ये बुडतो’, ‘खर्जाच्या तारा एकमेकींत चिकटतात’, ‘वरच्या तारा कानात टोचतात’ ही वाक्ये उपयोगाची आहेत, कारण प्रत्येकाला वेगळे उत्तर आहे.

बुडणाऱ्यासाठी मधल्या पट्टीवर जोर असलेला स्पीकर हवा. इंग्लंडच्या सेलेस्टियन कंपनीचा व्हिन्टेज थर्टी हा त्याचा ठळक नमुना आहे. नावात थर्टी असली तरी तो ६० वॅटचा आहे, १०० डेसिबलचा आहे, आणि त्याची वरची मधली पट्टी अशी पुढे येते की दोन गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीतही ती ऐकू येते. मात्र आधीच चिरक्या असलेल्या अ‍ॅम्पवर तो बोचतो. त्याच कंपनीचा जी १२ एम ग्रीनबॅक २५ वॅटचा, ९८ डेसिबलचा, आणि स्वभावाने मऊ आहे. त्याचा खर्ज सैलसर, मधली पट्टी किंचित घोगरी, आणि ताणल्यावर तो सुंदर दबतो. ज्यांना १९६० च्या दशकातला ब्रिटिश रॉक आवडतो, त्यांच्या कानात बहुधा हाच आवाज बसलेला असतो. जी १२ टी ७५ हा ७५ वॅटचा, ९७ डेसिबलचा. मार्शलच्या १९६० ए या चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये तो असतो. त्याची मधली पट्टी थोडी मागे आणि वरची चमकदार असते, त्यामुळे घरी एकट्याने वाजवताना तो भव्य वाटतो आणि बँडमध्ये तितका पुढे येत नाही. घरी आणि मंचावर आवाज वेगळा का वाटतो, याचे अर्धे उत्तर त्या मागे सरलेल्या मधल्या पट्टीत आहे.

स्वच्छ, घंटेसारखा आवाज हवा असणाऱ्यांनी जेन्सनच्या सी १२ एन सारख्या अमेरिकी ढंगाच्या स्पीकरांकडे पाहावे. फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये जेन्सनचे स्पीकर बसत आले आहेत. व्हॉक्स एसी ३० या अ‍ॅम्पमुळे प्रसिद्ध झालेला सेलेस्टियनचा निळा अल्निको (एका मिश्रधातूच्या लोहचुंबकाचा) स्पीकर हा १०० डेसिबलचा आणि फार गोड आहे, पण तो फक्त १५ वॅट सोसतो आणि महाग असतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली एमिनन्स ही कंपनी या दोन्ही ढंगांचे स्पीकर बनवते, आणि बेताच्या किमतीत काही शोधत असाल तर तिची यादी अवश्य पाहावी.

लोहचुंबकाच्या प्रकारावर लोक फार वाद घालतात. माझ्या मते अल्निको, सिरॅमिक आणि निओडिमियम यांतला फरक कोन आणि कॉइलच्या फरकापेक्षा लहान आहे, आणि निवड बहुतेक वेळा खिसा आणि पाठ यांवर करावी. अल्निको महाग, कारण त्यात कोबाल्ट असते. सिरॅमिक स्वस्त आणि जड. एक व्हिन्टेज थर्टी ४.७ किलोचा असतो. असे दोन असलेले कॅबिनेट गडहिंग्लजच्या कार्यक्रमाला एसटीच्या डिकीत चढवणाऱ्याने निओडिमियमचा विचार जरूर करावा, कारण त्याचे वजन याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते.

तार उतरवून वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या सुरात ८२ हर्ट्‌झवर बोलते. ती ‘सी’पर्यंत उतरवली की ६५ हर्ट्‌झवर येते. ग्रीनबॅकसारख्या हलक्या स्पीकरला तिथे धाप लागते आणि खर्ज बद्द होतो. त्यासाठी जास्त वॅटचा, घट्ट खर्जाचा स्पीकर आणि मागून बंद असलेले कॅबिनेट घ्यावे. बेस गिटार मात्र या कोणत्याच स्पीकरवर वाजवू नये.

कॅबिनेट स्वतः काय करते

मागून उघड्या कॅबिनेटमध्ये कोनाच्या मागची हवेची लाट फिरून पुढे येते आणि खर्जाचा काही भाग पुढच्या लाटेशी भांडून नाहीसा होतो. त्यामुळे आवाज मोकळा, खोलीभर पसरणारा, पण खर्जात हलका येतो. बंद कॅबिनेट खर्ज घट्ट धरते आणि आवाज सरळ पुढे फेकते. म्हणून एकच स्पीकर दोन कॅबिनेटांत दोन वेगळे स्पीकर वाटतात. उघड्या कॅबिनेटमध्ये खर्ज कमी पडतो एवढीच तक्रार असेल, तर नवा स्पीकर घेण्याआधी मागे प्लायवूडची फळी तात्पुरती लावून ऐकावे. उद्यमनगरात किंवा जवळच्या सुतारकामाच्या दुकानात मापाप्रमाणे फळी कापून मिळते, आणि एवढ्यावरच काम भागलेले मी पाहिले आहे. व्हॉल्व्हच्या कॉम्बोची (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात त्याची) पाठ मात्र पूर्ण बंद करू नये. व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडायला वाट हवी.

ऐकताना कान कुठे आहे, यालाही फार महत्त्व आहे. बारा इंची स्पीकर वरची पट्टी टॉर्चच्या झोतासारखी सरळ पुढे फेकतो. कॅबिनेट जमिनीवर आणि आपण त्याच्यासमोर उभे असलो, तर तो झोत गुडघ्यांवर पडतो, आपल्याला आवाज बोदा वाटतो, आपण ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्याचे कान फाटतात. नवा स्पीकर हवा असे वाटण्याआधी कॅबिनेट खुर्चीवर ठेवून, कान त्याच्या पातळीवर आणून एकदा ऐकावे.

मापे घ्यायला विसरू नये. सेलेस्टियनच्या बारा इंची स्पीकरचा बाहेरचा व्यास ३०९ मिलिमीटर असतो आणि त्याला फळीत २८३ मिलिमीटरचे भोक लागते. जुन्या किंवा घरगुती कॅबिनेटमध्ये भोक आणि बोल्टची अंतरे वेगळी असू शकतात. कॉम्बोमध्ये लोहचुंबकाची खोलीही मोजावी, कारण मोठ्या लोहचुंबकाचा स्पीकर व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मरला टेकतो.

खरेदी

कोल्हापुरात गिटारचे दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकता येतील असे ठिकाण मला आजवर सापडलेले नाही, आणि पुण्या-मुंबईतही ते नशिबावर असते. त्यामुळे इथला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ज्याच्याकडे तो स्पीकर आहे अशा वादकाच्या घरी आपला अ‍ॅम्प घेऊन जाणे. ऐकण्यासाठी आपलाच अ‍ॅम्प आणि आपलीच गिटार हवी. इंटरनेटवरच्या व्हिडिओत आपण मायक्रोफोनची जागा ऐकत असतो, स्पीकर थोडासाच. ऑनलाइन मागवताना मॉडेलच्या नावापुढे ८ की १६ ओम हे दोनदा वाचावे, कारण एकच मॉडेल दोन्हींत मिळते. पार्सल उघडताच मीटर लावून पाहावा आणि कोन दाबून पाहावा. वाटेत आदळल्याने कॉइल सरकलेली असू शकते आणि ते आठवड्याने सांगून उपयोग नसतो. जुना स्पीकर घेताना या दोन परीक्षांबरोबर कोनाचा रंग पाहावा. इथल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो. हलगी वाजवण्याआधी शेकून का घेतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ओल्या कागदाचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. पांढरट बुरशीचे ठिपके किंवा लहरीसारखा वाकलेला कोन दिसला, तर तो स्पीकर सोडून द्यावा.

बसवताना

अ‍ॅम्प बंद करून प्लग भिंतीतून काढावा. कॉम्बो असेल, तर अ‍ॅम्पची चासी (आतल्या सर्किटचा धातूचा सांगाडा) उघडण्याची गरज नसते आणि ती उघडूही नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठलेले असतात. जुन्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा.

नवा स्पीकर फळीवर ठेवल्यावर कोनावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. लोहचुंबक पेचकस हातातून ओढून घेतो, आणि माझा एक नवा कोरा ग्रीनबॅक पहिल्याच दिवशी असा भोसकला गेला होता. तेव्हापासून पुठ्ठ्याशिवाय मी पेचकस हातात घेत नाही. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत, एकदम एकच नाही. फार जोर लावला तर स्पीकरची चौकट पिळवटते आणि कॉइल घासू लागते. वायरींना डाग देताना टर्मिनल कमीत कमी वेळ तापवावे. अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंतची केबल स्पीकरचीच वापरावी, गिटारची नव्हे. गिटारच्या केबलमधली आतली तार इतकी बारीक असते की मोठ्या शक्तीला ती तापते.

एकापेक्षा जास्त स्पीकर असतील, तर त्यांची दिशा एक आहे ना, हे ९ व्होल्टच्या सेलने तपासावे. सेलचा पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला आणि निगेटिव्ह निगेटिव्हला क्षणभर टेकवला की कोन टचकन पुढे आला पाहिजे. सगळे कोन एकाच दिशेने हलले तर ठीक. एक जरी मागे गेला, तर त्याच्या वायरी उलट आहेत. असे कॅबिनेट वाजते, पण खर्ज जणू गळून गेलेला असतो आणि माणूस विनाकारण नव्या स्पीकरला दोष देतो. शेवटी कॅबिनेटच्या सॉकेटवर मीटर लावून एकूण ओम हिशेबाप्रमाणे येतात का ते पाहावे, मगच अ‍ॅम्प जोडावा.

नवा स्पीकर पहिल्या दिवशी ताठ आणि किंचित चिरका वाटतो. कोनाची कड आणि आतली जाळी मऊ व्हायला पंधरा-वीस तासांचे मध्यम आवाजातले वादन लागते. तोवर अ‍ॅम्पवरची बटणे रोज फिरवू नयेत आणि स्पीकर परत करण्याचा निर्णयही शक्यतो घेऊ नये. जुना स्पीकर चालू स्थितीत असेल, तर कोनावर पुठ्ठा बांधून, ओम आणि वॅट लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, माळ्यावर नव्हे तर कोरड्या कपाटात ठेवावा. जूनमध्ये त्यात सिलिका जेलची दोन पुडकी टाकावीत आणि दिवाळीला बदलावीत.